प्लाझ्मातील प्रोबचे सिम्युलेशन: आठ महिन्यांचा अनुभव आणि एका रकान्याची तक्रार

लँगम्युअर प्रोब (प्लाझ्मात, म्हणजे आयन आणि मुक्त इलेक्ट्रॉन असलेल्या वायूत, बुडवून त्याची घनता आणि तापमान मोजायची तार), तिचा आय-व्ही आलेख (व्होल्टेज बदलत मोजलेला प्रवाह) आणि पार्टिकल-इन-सेल पद्धत (जाळीच्या घरांतले कण एकेक पाऊल पुढे सरकवत केलेली गणना) ज्यांना परिचित आहे, मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहीत असल्यामुळे याहून अधिक प्राथमिक माहिती देत नाही. मी पुण्यातील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेतील आर्गॉनच्या डिस्चार्ज नळीत ०.२५ मिलिमीटर व्यासाची आणि ८ मिलिमीटर उघडी असलेली टंगस्टनची तार बसवलेली आहे. तिच्यावरील मोजमापे संगणकावर पडताळावीत म्हणून नोव्हेंबरपासून मी एक मोफत, मुक्तस्रोत द्विमितीय कोड वापरत आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण खालची तक्रार वाचून कोणी तो वापरायचे सोडावे, अशी माझी इच्छा नाही.

यंत्राविषयी थोडक्यात सांगतो. आठ कोअरचा जुना संगणक तापकीर गल्लीतून घेतला आणि दुकानदाराच्या आग्रहाला बळी पडून त्यात ६४ जीबी मेमरी घातली. ती संपूर्णपणे वाया गेली, कारण आमच्या ६८ लाख कणांना अर्धा जीबीदेखील पुरते. एप्रिलमध्ये पॉवर सप्लाय जळाला, तेव्हा त्याच दुकानदाराने "संगणक चोवीस तास चालवायचा नसतो, सर" असे सांगून वॉरंटी नाकारली. संगणक कशासाठी असतो, हे त्याला विचारायचे मी टाळले आणि नवा सप्लाय स्वतःच्या खिशातून घेतला.

आता मूळ विषय. घनता दर घनमीटरला १०चा १५वा घात आणि इलेक्ट्रॉनांचे तापमान २ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरले, तर डीबाय लांबी (साधारण जेवढ्या अंतरात प्लाझ्मा तारेचा विद्युत प्रभाव झाकून टाकतो, ते अंतर) ०.३३ मिलिमीटर येते. तारेभोवती प्रत्येक बाजूला २० डीबाय लांबी सोडायच्या आणि तारेची गोलाई नीट दिसेल इतकी बारीक जाळी घ्यायची, म्हणजे २६० गुणिले २६० घरे होतात. आर्गॉनचा आयन इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३,००० पट जड असल्यामुळे तो सावकाश चालतो आणि तो तारेपर्यंत पोहोचून स्थिरस्थावर होईपर्यंत लाखाहून अधिक पावले मोजावी लागतात. आमच्या संगणकावर एका व्होल्टेजला ११ तास लागतात, म्हणजे २५ बिंदूंच्या एका आलेखाला साडेअकरा दिवस आणि अंदाजे ५० युनिट वीज लागते. हे सर्व मान्य आहे. पदार्थविज्ञान फुकट मिळत नसते.

पहिला आलेख आला तेव्हा प्लाझ्मा विभवाजवळ (तारेचे व्होल्टेज प्लाझ्माच्या व्होल्टेजएवढे होते तिथे), म्हणजे प्रवाहाची चढण एकदम मंदावते त्या आलेखाच्या गुडघ्यापाशी, प्रवाह ३० मिलिअँपिअर दिसला. नळीतली तार त्याच ठिकाणी पाव मिलिअँपिअरहून किंचित कमी प्रवाह देत होती. त्या वेळी पाठकोऱ्या कागदावर एक ओळीचे गणित केले असते, तर तीन महिने वाचले असते. ते न करता नळीतील घनता मोजण्यातच आपली चूक झाली असावी असे मी गृहीत धरले आणि कोडमधील घनता १२५ पटींनी कमी केली. त्यानंतर आलेख इतका सुरेख जुळला की मी तो विभागाच्या फलकावर लावला. तार डीबाय लांबीच्या मानाने बारीक असते तेव्हा आलेखाचा आकार घनतेवर जवळजवळ अवलंबून राहत नाही. मॉट-स्मिथ आणि लँगम्युअर यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार प्रवाहाचा वर्ग व्होल्टेजसमोर मांडला की सरळ रेषा मिळते, आणि चुकीच्या घनतेलाही ती सरळच मिळते. माझी चूक या सरळ रेषेमागे सुखाने लपून राहिली.

नळीत मोजलेली घनता आणि कोडला द्यावी लागलेली घनता यांतील फरकाचा दोष मी तारेवरील मळाला दिला. मळामुळे सव्वाशे पट फरक पडत नाही, हे विद्यार्थ्यांना मीच शिकवतो. तरीही तारेला काही मिनिटे मोठे धन व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने ती तापवली. मोजलेली घनता जागची हलली नाही. परंतु इतकी वर्षे गोलसर येणारा आलेखाचा गुडघा प्रथमच कोडमधल्यासारखा टोकदार आला. सिम्युलेशनमुळे खऱ्या प्रोबची साफसफाई झाली, आणि इथून या कोडविषयीचे माझे मत बदलू लागले.

उरलेला गुंता एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने सोडवला. विभवाच्या नकाशात तारेभोवतालचे शीथ (तारेचा प्रभाव जाणवणारा विद्युतभारित थर) गणनेच्या चौकटीच्या चारही भिंतींना टेकलेले पाहून तिने इनपुट फाइल उघडली, ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, "सर, यात तारेची त्रिज्या आहे, पण लांबी कुठेच विचारलेली नाही?" खरोखरच नव्हती. द्विमितीय कोड तार एक मीटर खोल आहे असे समजून प्रवाह काढतो, म्हणजे तो अँपिअर नव्हे तर अँपिअर प्रति मीटर असतो. आमची तार ८ मिलिमीटर, म्हणजे मीटरचा १२५वा भाग! निकालाच्या फाइलमध्ये त्या रकान्यावर नुसते "करंट" असे लिहिलेले आहे. तापमानाला एकक आहे, काळाला आहे, घरांच्या क्रमांकालासुद्धा ते नसल्याची नोंद आहे. फक्त ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप करायचा, त्या प्रवाहालाच नाही. चुकीच्या घनतेचे सात आलेख, म्हणजे ३५० युनिट वीज, मी या एका रकान्याच्या नावे मांडून ठेवली आहे. कर्त्यांना पत्र लिहिले, तेव्हा ही माहिती सूचनापुस्तिकेच्या परिशिष्टात असल्याचे नम्र उत्तर आले. एकक परिशिष्टात ठेवण्याची वस्तू नव्हे.

मूळ घनता पुन्हा घालून केलेला आलेख, ०.००८ ने गुणल्यावर, स्वच्छ तारेच्या मोजमापाशी इलेक्ट्रॉनांच्या बाजूला उत्तम जुळतो. आयनांच्या बाजूला (तार ऋण असताना) प्रवाह फारच लहान असल्यामुळे गोंगाट आहे, आणि तो निम्मा करायचा तर कण चौपट लागतात. (त्या विद्यार्थिनीला आता चांद्रयान-३ वरील प्रोबचे सिम्युलेशन करायचे आहे. तिथल्या घनतेचा इस्रोने दिलेला प्राथमिक अंदाज दर घनमीटरला ५० लाख ते ३ कोटी एवढाच होता. तापमान आमच्या नळीएवढे धरले तरी डीबाय लांबी दोन ते पावणेपाच मीटर येते आणि प्रोबचा गोळा मात्र ५ सेंटिमीटरचा. तिला आधी चौकटीचे माप काढून आणायला सांगितले आहे.)

सध्या घरागणिक ४०० कण घेऊन आयनांच्या बाजूचे बिंदू चालू आहेत आणि एका बिंदूला जवळजवळ दोन दिवस लागत आहेत. मॉनिटरच्या चौकटीवर त्या विद्यार्थिनीने कागदाची एक पट्टी चिकटवली आहे: "गुणिले ०.००८".