अल्काइन शिकवताना आधी ब्रोमीन घ्यावा की आधी एचबीआर?

अकरावीच्या वर्गात अल्काइनची (कार्बन-कार्बन तिहेरी बंध असलेल्या संयुगांची) अ‍ॅडिशन, म्हणजे त्या बंधावर दुसरे अणू जोडण्याची क्रिया, घेताना सुरुवात ब्रोमीनसारख्या हॅलोजनपासून करावी की एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) सारख्या हायड्रोजन हॅलाइडपासून, असं एका नव्या सरांनी विचारलं. सोलापुरात क्लास घेताना मी दोन्ही क्रमांनी शिकवून पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

ब्रोमीनचं मोठं बळ म्हणजे तो दिसतो. वेल्डिंगवाल्याकडून आणलेल्या कार्बाइडच्या खड्यावर थेंब थेंब पाणी सोडायचं आणि निघणारा इथाइन वायू (सगळ्यात साधा अल्काइन) ब्रोमीनच्या पाण्यात न्यायचा. तांबूस रंग उतरू लागला की मागच्या बाकावरची मुलंही उभी राहतात. वाटेत आम्लयुक्त कॉपर सल्फेटचं द्रावण मात्र ठेवा. कार्बाइडमधून फॉस्फीन आणि हायड्रोजन सल्फाइडही येतात आणि तेही ब्रोमीनचा रंग घालवतात. शिवाय ब्रोमीन 59 अंशांना उकळतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा 40 च्या वर असतो, तेव्हा बुडबुड्यांबरोबर तो नुसता उडूनही जातो. हा प्रयोग मी थंडीतच, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, खिडक्या उघड्या ठेवून करतो.

समीकरणही सोपं. इथाइनचं आधी 1,2-डायब्रोमोइथीन, मग 1,1,2,2-टेट्राब्रोमोइथेन. दोन्ही कार्बनना सारखा वाटा.

माझं घोडं इथेच अडलं. ब्रोमीन आधी शिकवला त्या वर्षांत ‘इथाइन अधिक दोन रेणू एचबीआर’ या प्रश्नाला वहीमागून वहीत एकच उत्तर यायचं: 1,2-डायब्रोमोइथेन. एका हुशार मुलीने तर बरोबर लिहिलेलं 1,1 खोडून 1,2 केलं होतं. विचारलं तर म्हणाली, “सर, प्रत्येक कार्बनवर एक-एक येतो ना?” तो वाटणीचा नियम तिला मीच, नकळत, दिला होता. पुढे कितीही सांगितलं तरी तो पुसला जाईना.

एचबीआर आधी घेतला की पहिल्याच दिवशी ‘का?’ येतो. पहिल्या रेणूने ब्रोमोइथीन होतं. दुसऱ्या वेळी हायड्रोजन टोकाच्या सीएचटूवर जातो आणि धनभार ब्रोमीनवाल्या कार्बनवर येतो, कारण ब्रोमीनची एकाकी इलेक्ट्रॉन जोडी त्याला आधार देते. म्हणून दुसरा ब्रोमीनही तिथेच. प्रोपाइनचं 2,2-डायब्रोमोप्रोपेन मग मुलं स्वतःच काढतात. मार्कोव्हनिकॉव्हचा नियम (हायड्रोजन आधीच जास्त हायड्रोजन असलेल्या कार्बनवर जातो) पाठ करून घ्यावा लागत नाही. शिवाय मर्क्युरिक क्लोराइड उत्प्रेरक वापरून एचसीएल जोडला की व्हिनाइल क्लोराइड, आणि त्यापासून पीव्हीसी; बोअरच्या पाइपवर येऊन थांबलं की शेतकऱ्यांची पोरं कान टवकारतात.

अडचण आहेच. फळ्यावर दाखवायला रंग नाही, पहिला तास जड जातो, आणि पेरॉक्साइडचा परिणाम (तो असताना एचबीआर उलट बाजूने जोडला जातो) त्याच दिवशी काढलात तर सगळा गोंधळ होतो. तो पुढच्या तासाला, आणि फक्त एचबीआरपुरता, हे बजावून.

तुमची मुलं निव्वळ प्रयोगाने खुलणारी असतील तर ब्रोमीनपासूनही चालेल, मी अडवणार नाही. पण गेली काही वर्षं मी एचबीआर आधी घेतो. मग ब्रोमीनला अर्धा तास पुरतो, आणि ते 1,2 आता क्वचितच एखाद्या वहीत दिसतं.