नाशिकच्या कॉलेज रोडवरचे पेटंट एजंट: आमच्या लॅबचा अनुभव

द्राक्षातले कीटकनाशकांचे अंश तपासायची आमची छोटी लॅब आहे, सॅम्पल तयार करायच्या पद्धतीचं पेटंट टाकलं तर परीक्षण अहवालात आक्षेप आला की यात नवीन काय, या क्षेत्रातल्या कुणालाही हे सुचेल. म्हणून या पेटंट एजंटकडे गेलो. पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलले, केचर्स (QuEChERS) ही अंश तपासायला सॅम्पल तयार करायची पद्धत 2003 पासून छापून आलेली आहे, फळाच्या लगद्यात अ‍ॅसिटोनायट्राइल हे द्रावक, मग मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ, मग नको ते घटक शोषून घेणाऱ्या पीएसए पावडरने सफाई, त्यामुळे नुसतं मिठाचं प्रमाण बदललं म्हणून पेटंट कायद्याच्या कलम 2(1)(जेए) मधली इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकारालाही सहज न सुचणारी सुधारणा) सिद्ध होत नाही. ऐकून वाईट वाटलं, पण असा खरं सांगणारा माणूस हवाच.

लॅबची वही त्यांनी स्वतः पान पान चाळली आणि एकाच लगद्यावर जुनी पद्धत व आमची पद्धत दोन्ही करून रिकव्हरीचे (मिसळलेल्या कीटकनाशकातलं किती परत मोजलं गेलं याचे) आकडे मागितले, कारण अनपेक्षित फायदा दाखवायला असा तुलनेचा डेटाच लागतो. अर्जातले दावे (नेमका कशावर हक्क मागतोय ते) बरेच आवळले, तेही पटलं.

फी जास्त आहे. परीक्षण अहवालाच्या उत्तराला 6 महिने असतात, मसुदा मात्र अगदी शेवटी हातात आला, हे सुधारायला हवं. तरी केमिस्ट्री समजणारा एजंट नाशकात मिळतोय, लॅबवाल्यांनी जरूर जा.