चोवीस फुटी आर.व्ही., सिस्कियूचा घाट आणि क्रेटर लेक

ही सेकंडहँड आर.व्ही., म्हणजे आत पलंग-स्वयंपाकघर असलेली घरगाडी, आम्ही वसंतात घेतली; प्रकार क्लास सी, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली मध्यम आकाराची, आणि बर्फ पडेपर्यंत भरपूर पळवली. फोर्डची ई-४५० चासी, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, मागे जोडचाकं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियाच्या आसपास सपाट रस्त्यावर कुठलीही आर.व्ही. गुणीच वाटते. म्हणून इथे ओरेगन राज्यातल्या क्रेटर लेक या तळ्याच्या फेरीबद्दलच जास्त लिहितोय. गाडी कशी आहे ते तिथे कळलं.

कॅलिफोर्नियातून ओरेगनमध्ये जाणाऱ्या आय-५ महामार्गावरचा सिस्कियू घाटमाथा ४,३१० फुटांवर आहे, या अख्ख्या महामार्गावरचा सगळ्यात उंच. चढताना इंजिन बोंबलतं, पण ओढतं. उजव्या लेनमध्ये ट्रकच्या मागे निमूट चालत राहायचं, बास. कस लागतो तो अ‍ॅशलंडकडे उतरताना. मैलोनमैल सहा टक्क्यांचा उतार, आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी कडेला चढत्या पट्ट्या केलेल्या. त्या बघूनच पाय ब्रेकवर जातो. पण टो-हॉलचं (जड ओझ्यासाठीच्या गिअर-मोडचं) बटण दाबलं की गिअर आपसूक खाली येतो आणि इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेकला अधूनमधून नुसता पाय लावला तरी पुरतं. विक्रेते सोफा, टीव्ही आणि बाहेर उघडणारं कापडी छत दाखवत बसतात. तुम्ही गाडी एखाद्या उतारावर नेऊन बघा.

मेडफर्डहून ६२ नंबरचा रस्ता रोग नदीच्या काठाने, उंच झाडांतून वर जातो. देखणा रस्ता आहे, पण प्रत्येक वळणाला मागून भांड्यांचा ऑर्केस्ट्रा. ड्रॉवरच्या कड्या इतक्या कुचकामी की एका वळणावर मसाल्याचा डबा थेट दारापर्यंत गेला. आता चाइल्डलॉक लावलेत. खिडकीतून पावसाचं पाणी झिरपतं, त्यासाठी सर्व्हिसवाल्यांनी इतकी लांबची तारीख दिली की शेवटी सीलंट आणून मीच भरलं. मायलेज गॅलनला आठ मैल, म्हणजे लिटरला साडेतीन किलोमीटरसुद्धा नाही.

मुक्काम माझामा कॅम्पग्राउंडला, सुमारे ६,००० फुटांवर. तिथे भर उन्हाळ्यातही रात्री चांगलीच थंडी पडते. हीटर प्रोपेनवर चालतो खरा, पण त्याचा पंखा गाडीच्या राहत्या भागाच्या वेगळ्या बॅटरीवर, आणि साधी बॅटरी पहाटेपर्यंत मान टाकते. शांततेच्या वेळात जनरेटर लावता येत नाही. त्या जनरेटरलाही उंचीप्रमाणे फिरवायची एक खुंटी असते, आमचा आधी धापा टाकत होता तो त्यामुळेच. प्रोपेनचा फ्रिज गाडी तिरकी उभी असली तर गारवा धरत नाही, म्हणून चाकांखाली ठोकळे घालून ती सपाट करणं हे पोहोचल्यावरचं पहिलं काम.

स्वयंपाकघर छोटं, पण सोयीचं. एवढ्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे भात-वरणाला कुकरशिवाय पर्याय नाही. मोहरी तडतडली की स्मोक अलार्म शेजारच्या कॅम्पपर्यंत ऐकू जाईल असा कोकलतो. फोडणी बाहेर टेबलावर शेगडी मांडून द्यायची आणि अस्वलांच्या भीतीने सगळं लगेच उचलून ठेवायचं. सांडपाण्याच्या टाकीबद्दल एवढंच: लांब हातमोजे घ्या आणि ते काम कोणाचं हे निघण्याआधीच ठरवा.

आता तळं. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, आतला लाव्हारस निघून गेल्यावर डोंगराचा माथा खाली कोसळला आणि त्या खळग्यात पाणी साठलं. नदी येत नाही, नदी जात नाही. नुसतं पावसाचं आणि बर्फाचं पाणी. खोली १,९४३ फूट, अमेरिकेतलं सगळ्यात खोल सरोवर. गाळ नसलेलं इतकं खोल पाणी लाल-पिवळा प्रकाश गिळून टाकतं, त्यामुळे तो निळा रंग दिसतो. फोटोत रंग वाढवलाय असं मला वाटायचं. तसं नाही. घरच्यांनी फोनवर लगेच लोणारची आठवण काढली, पण लोणार उल्केच्या आघाताचं आणि त्याचं पाणी खारट. दोघांत साम्य असलंच तर गोल आकाराचं.

काठाने फिरणारा रिम ड्राइव्ह ३३ मैलांचा. त्यावर ही गाडी नेऊ नये असं माझं स्पष्ट मत. रस्ता अरुंद, पुष्कळ ठिकाणी कठडा नाही, आणि तळं बाकी सगळे बघतात. ड्रायव्हरला फक्त पांढरी रेघ दिसते. दुसऱ्या दिवशी आर.व्ही. कॅम्पवर ठेवून सोबतच्या मित्राच्या साध्या कारमधून फिरलो तेव्हा कुठे मला तळ्यातलं विझार्ड बेट नीट बघायला मिळालं.

तीस फुटी घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. डोंगरात जायचं असेल तर नको. चोवीस फुटीच वळवताना आणि कॅम्पमध्ये रिव्हर्स घेताना घाम फुटतो. वर्षातून एखाद-दोनदाच जाणार असाल तर भाड्याने घ्या; विमा, पार्किंग आणि दुरुस्ती यांचा खर्च गाडी उभी असतानाही चालूच असतो. आम्ही ठेवणार आहोत, लिथियम बॅटरी टाकून. पुढच्या वेळी सप्टेंबरात जाऊ, कारण जुलैत तिथले डास दार उघडू देत नाहीत.