घरच्या मराठी लेखनासाठी लिब्रेऑफिस की गूगल डॉक्स?

सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, मुलांचा प्रकल्प, लग्नासाठी बायोडेटा, घरखर्चाचा हिशेब. घरच्या कॉम्प्युटरवर साधारण एवढंच काम असतं आणि त्यासाठी दरवर्षी वर्गणी भरायची अनेकांची तयारी नसते. माझीही नाही. पैसे न मोजता मराठीत नीट लिहायचं तर लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्स हे दोन पर्याय मला विचार करण्याजोगे वाटतात. दोन्ही माझ्या रोजच्या वापरात आहेत. कौल आधीच देऊन टाकते: घरात कॉम्प्युटर असेल आणि मराठी मजकूर वर्षानुवर्षं जपायचा असेल, तर लिब्रेऑफिस आधी बसवा. डॉक्सही लागेलच, पण त्याच्या जोडीला.

मुळात दोघांची जात वेगळी. लिब्रेऑफिस आपल्या मशीनवर बसतं, इंटरनेट नसलं तरी चालतं, खातं उघडायला सांगत नाही. ते २०१० साली ओपनऑफिस या जुन्या मोफत ऑफिस-संचातून फुटून निघालं. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था ते सांभाळते आणि त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला आहे. डाउनलोड करताना देणगीबद्दल विचारतात, पण ती ऐच्छिक असते. डॉक्स ब्राउझरमध्ये चालतं आणि फायली गूगलच्या सर्व्हरवर राहतात. तिथली १५ जीबी जागा जीमेल आणि फोटो यांच्यातही वाटली जाते. फोनमधले फोटो आपोआप वर चढत असतील, तर ती कधी संपते ते कळतही नाही.

आता मराठीच्या गाभ्याकडे. आपल्याकडे अनेक घरांत श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या फायली पडून आहेत: आजोबांच्या आठवणी, संस्थेची घटना, वंशावळ. अशी फाइल डॉक्समध्ये उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन कचरा दिसतो, कारण तिथे स्वतःजवळचा फाँट चढवण्याची सोयच नाही. लिब्रेऑफिसमध्ये तो फाँट कॉम्प्युटरवर असला की मजकूर दिसतो. आधी छापून किंवा पीडीएफ करून ठेवा, मग सवडीने युनिकोडमध्ये, म्हणजे खास फाँटाशिवाय कुठेही वाचता येणाऱ्या मराठीत बदला. माझ्यासाठी एवढं एक कारणही पुरेसं होतं.

दुसरी गोष्ट अक्षरवळणाची. मराठीतला ल आणि मराठीतला श हिंदीच्या वळणापेक्षा वेगळे आहेत, आणि शाळेत आपण मराठी वळणच गिरवलं आहे. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठरवली, की नोटो सॅन्स देवनागरीसारखे फाँट आपोआप मराठी वळणाचा ल आणि श दाखवतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ या फाँटात तर ही वळणं मुळातच आहेत. तो गूगल फाँट्सवर मोफत मिळतो, डॉक्समध्येही वापरता येतो आणि उतरवून घेतला तर लिब्रेऑफिसमध्येही. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू हे फाँटही तसेच मिळतात.

लिब्रेऑफिसची एक खोड मात्र माहीत हवी, नाहीतर पहिल्याच दिवशी माणूस वैतागतो. ते रोमन लिपीचा फाँट आणि देवनागरीचा फाँट वेगवेगळे धरतं. मराठी वाक्यात इंग्रजी नाव किंवा इंग्रजी आकडा आला की तो भलत्याच आकाराचा दिसतो. उपाय सोपा आहे: ऑप्शन्समधल्या भाषेच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करा, तिथे मराठी निवडा, आणि मग परिच्छेदाच्या मूळ स्टाइलमध्ये दोन्ही लिपींचा फाँट व आकार एकदाच ठरवून टाका. डॉक्समध्ये ही भानगड नाही.

टायपिंग येत नसणाऱ्यांसाठी मात्र डॉक्स सरस. क्रोममध्ये व्हॉइस टायपिंग चालू करून मराठी निवडलं, की बोललेलं कागदावर उतरतं. विरामचिन्हं हातानेच द्यावी लागतात, नावांचे घोटाळे होतात, पण ज्येष्ठांना आठवणी सांगायच्या असतील तर यासारखी सोय नाही. लिब्रेऑफिसमध्ये ही सोय आतूनच मिळत नाही, सहसा आपल्यालाच टाइप करावं लागतं. विंडोजमध्ये मराठीचा सरकारी मांडणीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे आणि विंडोज १० पासून उच्चारानुसार लिहायचा फोनेटिकही.

चार जणांनी मिळून एक मसुदा करायचा असेल, तर डॉक्सच. पुण्यातली बहीण आणि न्यू जर्सीतला भाऊ एकाच यादीत एकाच वेळी लिहू शकतात, आणि कुणी काही पुसलं तरी जुनी आवृत्ती परत आणता येते. फोनवर काम करायचं असेल तरीही तेच बरं.

पण लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते छापायची वेळ आली की मी लिब्रेऑफिसकडे वळते. त्यातल्या कॅल्क या तक्त्यांच्या भागात पत्त्यांची यादी करायची, रायटर या लेखनाच्या भागात मेल मर्ज लावायचं, म्हणजे यादीतला एकेक पत्ता आपोआप साच्यात बसतो, आणि लेबलांचे ताव छापून घ्यायचे. डॉक्समध्ये घरगुती वापराच्या मोफत खात्यावर ही सोय आतूनच मिळत नाही, बाहेरचं ॲड-ऑन जोडावं लागतं. हिशेबात (इथे कॅल्क, तिकडे डॉक्सच्या जोडीचं गूगल शीट्स) फरक कमी आहे. भारताची मांडणी निवडली की दोन्हीकडे लाख-कोटीचे स्वल्पविराम बरोबर पडतात.

मृत्युपत्राचा मसुदा, आधारच्या प्रती, आजारपणाचे कागद मी ऑनलाइन ठेवत नाही. गूगलचं खातं दोन वर्षं वापरात नसेल तर कंपनी ते मजकुरासह काढून टाकू शकते. घरातलं एखादं माणूस गेल्यावर हा नियम फार महागात पडू शकतो. अर्थात, कॉम्प्युटरवरची फाइलही पेन ड्राइव्हवर उतरवलेली हवीच.

छपाईच्या दुकानात फाइल द्यायची असेल तर पीडीएफच द्या. लिब्रेऑफिस मूळ ओडीटी स्वरूपात साठवतं आणि ते दुकानदाराकडे धड उघडेलच असं नाही. समोरच्याला बदल करायचे असतील तर ‘सेव्ह ॲज’मधून डॉकएक्स हे मायक्रोसॉफ्ट वर्डचं स्वरूप निवडा. साधी पत्रं नीट जातात, तक्ते आणि चौकटी अधूनमधून सरकतात.

नावसाधर्म्यामुळे बरेच जण अजून ओपनऑफिस उतरवून घेतात. ते टाळा. २०१४ सालच्या ४.१ नंतर त्यात किरकोळ दुरुस्त्यांपलीकडे फारसं काही आलेलं नाही, आणि त्यातून डॉकएक्स साठवताही येत नाही. लिब्रेऑफिस त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. बसवताना मराठी निवडली तर मेनूसुद्धा मराठीत दिसतात.