पिस्टन-रिंगांचा संच, आठ महिन्यांनी: रंगाच्या दोन ठिपक्यांवरून झालेला मनस्ताप

०.५० ओव्हरसाइजचा, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.५० मिलिमीटर मोठा, पिस्टन आणि त्याच्या रिंगा बसवून आठ महिने झाले, गाडी ६,४०० किलोमीटर पळाली. पहिल्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर ‘हा संच घेऊ नका’ एवढंच लिहून मोकळा झालो असतो.

एकच सिलिंडर, मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५७ मिलिमीटर. ब्लॉक बोअर (आतून मोठा) आणि होन (बारीक तिरप्या रेघा पडतील असा घासून) करून आणला, जोडणी घरी केली. पिस्टनबद्दल तक्रार नाही. पिनच्या काटकोनात स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) मायक्रोमीटरने मोजला, डब्यावर छापलेलंच माप निघालं. गजन पिन (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी) ऑइल लावल्यावर अंगठ्याच्या दाबाने सरकली.

रिंगांचं तसं नव्हतं. रिंगच्या दोन टोकांमधली फट तयार करून दिली आहे, असं पाकिटावर लिहिलेलं. तरी वरची रिंग बोअरमध्ये घातली, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ केली आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला. फट ०.१२ मिलिमीटर! बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००४ हा ढोबळ हिशेब धरला तर ५७.५ ला ०.२३ हवी. इंजिन तापलं की रिंग फुगते. टोकं भिडली की तिला जागाच उरत नाही, मग ती बोअर ओरखडते नाहीतर तुटते. एकच टोक, बाहेरून आत, बारीक कानशीने घासायचं आणि दर दोन-तीन हातांनी पुन्हा मोजायचं, असं करत ०.२३ वर आणली. दुसरी ०.२८ ठेवली. अर्धा दिवस गेला. बोअर न करता जुन्याच ब्लॉकमध्ये रिंगा घालणार असाल तर फट खाली, न झिजलेल्या भागात मोजा. व्यास नुसता ०.१ ने वाढला तरी फट ०.३१ ने वाढते, म्हणून वर मोजलेलं माप फसवं असतं.

गाडी सुरू केली आणि निळसर धूर. रिंगा बसेपर्यंत येतोच, म्हणून मनावर घेतलं नाही. थ्रॉटल कमी-जास्त करत चालवली, ५०० ला ऑइल बदललं. ९०० झाले तरी धूर तसाच, आणि दर ५०० किलोमीटरला सुमारे २०० मिलिलिटर ऑइल गायब. विक्रेत्याकडे गेलो तर तो म्हणाला, “फिटिंग तुम्ही केलंत, मग जबाबदारी आमची कशी?” फटच चुकीची होती, म्हणजे माल तपासलेलाच नव्हता, हे माझं म्हणणं. दोघांचेही आवाज चढले. पावती त्याने हातातसुद्धा घेतली नाही.

घरी येऊन कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं, १६५ पीएसआय. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं, १७०. ऑइलने आकडा फारसा वाढला नाही, म्हणजे वरच्या दोन रिंगा ठीक. व्हॉल्व्ह सील नवीन होते, आणि धूर सकाळी किक मारल्यावर नाही, तर पिकअप घेताना यायचा. राहिली ऑइल रिंग.

ब्लॉक उतरवला. ऑइल रिंग तीन तुकड्यांची असते, मधे नागमोडी एक्सपांडर, वर-खाली दोन पातळ पट्ट्या. एक्सपांडरची टोकं समोरासमोर टेकलेली हवीत. माझी एकावर एक चढली होती. टोकं चढली की घेर कमी होतो, पट्ट्यांना बाहेर रेटणारा जोर जातो आणि बोअरवरचं ऑइल खरवडलं जात नाही. चूक माझी होती. विक्रेत्याला जे बोललो त्यातलं निम्मं मागे घेतो.

निम्मंच. कारण नंतर दुसऱ्या कंपनीचा रिंगांचा संच आणला, त्यात एक्सपांडरचं एक टोक हिरवं आणि दुसरं तांबडं रंगवलेलं. दोन्ही रंग दिसले की टोकं जागेवर, एक दडला की चढलं. पट्टी घालताना एक्सपांडर नकळत सरकतो, आणि नेमकं तिथेच हा रंग वाचवतो. माझ्या संचात रंग नव्हता, माहितीचा कागदही नव्हता. त्या दोन ठिपक्यांपायी हेड गॅस्केट, बेस गॅस्केट, ऑइल आणि दोन रविवार गेले. हा राग अजून उतरलेला नाही.

नव्या संचातली फक्त ऑइल रिंग वापरली, तीही खोबणीची रुंदी आणि खोली जुळवून. होनिंगच्या तिरप्या रेघा बोअरमध्ये स्पष्ट होत्या, वरच्या दोन रिंगा छान बसल्या होत्या. त्या टाकून द्यायला माझा हात धजावला नाही. आपापल्या खोबणीत, अक्षराची बाजू वर करून परत घातल्या, तिन्हींची तोंडं १२० अंशांवर फिरवली. पिन जागेवर धरणारी सर्क्लिप मात्र नवीनच घातली. एकदा काढलेल्या सर्क्लिपवर माझा भरवसा नाही. ती निसटली तर बोअरला चर पडतो आणि सगळं पहिल्यापासून.

त्यानंतर ५,५०० किलोमीटर झाले. धूर नाही. दोन ऑइल बदलांमधे डिपस्टिकवरची रेघ हललेली कळतही नाही. पिस्टन पुन्हा पहिल्याच कंपनीचा घेईन. रिंगा मात्र त्यांनी एक्सपांडरला रंग लावल्याशिवाय घेणार नाही. दुसऱ्या संचातल्या उरलेल्या दोन रिंगा ऑइल लावून, कागदात गुंडाळून, वर माप लिहून ठेवल्या आहेत.