तेल खात नाही म्हणून खूश होतो: जुन्या चेन डोझरचे अकरा महिने

अकरा महिने झाले, साधारण ६०० तास चालवला. ड्राय क्लचवाला, म्हणजे वळवायला प्रत्येक चेनला वेगळा, तेलाशिवाय कोरडा चालणारा क्लच; लिव्हर ओढला की त्या बाजूच्या चेनची ताकद तुटते. दोन लिव्हर दोन ब्रेक पेडल, लिव्हर हलका करणारा बूस्टर वगैरे काही नाही, ज्यांनी चालवलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पहिल्या चार महिन्यांत कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो, कारण इंजिन ऑइल अजिबात खात नव्हतं. रोज सकाळी डिपस्टिक काढायची आणि लेव्हल जिथल्या तिथे. एकदा तर खुणेच्या वर दिसली, म्हटलं मागच्या वेळी आपणच जास्त ओतलं असेल. चारचौघांत मिरवलं पण हे.

पाचव्या महिन्यात ऑइल प्रेशर पडायला लागलं. सकाळी थंड इंजिनला ५० पीएसआय, पण दीड तास रगडून आयडलला (लोडशिवाय मंद) सोडलं की काटा ५ वर. मेस्त्रींनी लांबूनच आवाज ऐकला आणि म्हणाले मेन बेरिंग (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो ती) गेली, इंजिन खोलावं लागेल. मी पडलो चिकट, म्हटलं आधी दुसरा मेकॅनिकल गेज लावून बघू, जुना गेज खोटं बोलत असला तर? लावला, त्यानेही तेच दाखवलं. मग उशिरा अक्कल आली आणि डिपस्टिकचा वास घेतला. डिझेल! ऑइल बोटावर पाण्यासारखं पातळ. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटून डिझेल थेट इंजिनखालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत होतं, म्हणजे इंजिन तेल खातच होतं, फक्त वरून डिझेल भरून लेव्हल सारखी राहत होती. लेव्हल वाढत असेल तर आनंद मानू नका, फार वाढली तर इंजिन तेच तेल ओढून बेफाम सुटू शकतं.

डायफ्राम, ऑइल, फिल्टर बदललं, गरम आयडल १२ वर आला. इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "काम झालं" असंही लिहिलं होतं. ते खोडलं, कारण पंधरा दिवसांत परत ८. जादा ऑइल प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह काढला तर प्लंजरला धातूचा कण अडकलेला. साफ करून बसवला, थोडाच फरक पडला. प्रेशर वाढवायला त्याच्या स्प्रिंगमागे वॉशर टाका असा सल्ला मिळाला होता, टाकला नाही, गेज खूश झाला म्हणून बेरिंगचा झिजलेला गॅप थोडाच भरून येतो. शेवटी चेंबर उतरवलं. ऑइल ओढायच्या जाळीवर (स्ट्रेनर) गाळ, आणि बेरिंग शेलवरचा करडा थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. म्हणजे मेस्त्री बरोबर होते, फक्त बेरिंग कशाने गेली ते त्यांनाही माहीत नव्हतं. क्रँकशाफ्ट झिजलेला नव्हता, मापात निघाला, म्हणून मूळ मापाच्या (स्टँडर्ड) नव्या शेलवर भागलं. आता गरम आयडल १५, काम करताना ४० च्या आसपास. मेस्त्रींना चहा पाजला, माफी नाही मागितली.

आता स्टिअरिंग, म्हणजे खरा राग. लोड आला की मशीन डावीकडे ओढायचं. लिव्हरचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) बघितला, ठीक होता (तो संपला की क्लच पूर्ण बसत नाही, म्हणून आधी तो बघा). मग खाली सरपटत गेलो, क्लच हाउसिंगच्या तळाशी ड्रेन प्लग आहे तो काढायला. हा प्लग ज्याने बसवला त्याला समोर उभा करा. चिखलाने भरलेला, हेक्सच्या (सहा कोनी डोक्याच्या) कडा गोल झालेल्या, पाना लावला की सटकतो, आणि हात घालायला जागा बोटभर. पूर्ण दुपार गेली. छिन्नीने कोपऱ्यावर ठोकून निघाला तेव्हा गियर ऑइलची धार तोंडावर. मधल्या बेव्हल गियरचा सील गळून ड्राय क्लचमध्ये तेल साचलं होतं, प्लेटा घसरणारच. कोरड्या जागी काम असेल तर हा प्लग काढूनच ठेवायचा असतो म्हणजे गळलेलं बाहेर जातं, चिखलपाण्यात लावायचा. आधीच्या मालकाने तो कायमचा आवळून टाकलेला, मशीनखाली डाग दिसू नये म्हणून असणार, दुसरं काय.

हाउसिंगमध्ये केरोसीन घालून थोडं पुढेमागे चालवलं, काढलं, परत घातलं. पेट्रोल चुकूनही नको. तीन वेळा केल्यावर ओढणं जवळजवळ थांबलं. सील बदलायला मागचा सगळा पसारा उतरवावा लागतो, ते पुढे ढकललंय. उतारावर मात्र जपून, मशीन स्वतःच्या वजनाने ढकललं जात असताना ब्रेक न दाबता नुसता लिव्हर ओढला तर ते उलट्या बाजूला वळतं, ही मशीनची खोड नाही, क्लच स्टिअरिंग असंच असतं.

प्लग आता तारेने सीटखाली बांधलाय. नवीन हेक्सचा आणलाय, जुना फेकायचा जीव होत नाही.