निओत केदुमीम: शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, झाडं आणि गवत बघायचं असेल तर इथे जा, पण अर्धा दिवस काढूनच

एप्रिलच्या शेवटी मी आणि आई आमच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांबरोबर इस्रायलकडच्या होली लँड टूरला गेलो होतो. जेरुसलेम, बेथलेहेम, गालील यावर लोकांनी भरपूर लिहिलंय, पण या जागेबद्दल मला जाण्याआधी मराठीत काहीच मिळालं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. माझ्यासाठी तरी अख्ख्या टूरमधली सगळ्यात जास्त देऊन गेलेली जागा हीच.

आधी माहिती. निओत केदुमीम म्हणजे बायबलमधली झाडंझुडपं, शेती, पाण्याची टाकी, द्राक्षाचे कुंड, खळं, सगळं एकाच ठिकाणी उभं केलेलं मोठं उद्यान, जवळजवळ ६२५ एकर. जेरुसलेम आणि तेल अवीवच्या साधारण मधे, मोदीइन शहराजवळ. नोगा हरेउवेनी म्हणून गृहस्थ होते त्यांनी हे उभं केलं, मुळात स्वप्न त्यांच्या आईवडिलांचं, दोघंही वनस्पतीशास्त्रज्ञ होते. १९६० च्या दशकात जमीन मिळाली तेव्हा हे डोंगर उघडेबोडके होते म्हणे, माती बाहेरून आणून टाकली, तळी खणली आणि मग झाडं लावली. १९९४ साली इस्रायल प्राइझ मिळालं. ही ज्यू लोकांची संस्था आहे, त्यामुळे पाट्यांवर जास्त करून जुना करार (बायबलचा येशूच्या आधीचा भाग) आणि मिश्ना (ज्यू धर्मनियमांचा जुना ग्रंथ) असणार हे धरूनच जा. नव्या कराराचे संदर्भ आपण आपले जोडायचे, आणि ते जागोजागी जुळतात.

आता खरं सांगायचं ते. मी बारा वर्षं संडे स्कूल घेतेय, जैतून म्हणजे शांती, द्राक्षवेल म्हणजे ख्रिस्त, गंधसरू (इंग्रजीत सीडर) म्हणजे थोरवी, असं मुलांना पाठ करून घेते. पण एखादं झाड त्याच अर्थाला का निवडलं हे मला कधी नीट कळलंच नव्हतं, कारण झाड बघितलेलंच नव्हतं. ते झाड वागतं कसं हे बघितलं की वचन आपोआप उलगडतं.

जैतुनाचंच घ्या. जुनं झाड होतं, खोड पोकळ, पिळलेलं, आणि त्याच्या बुडाभोवती मुळातून फुटलेले गुडघ्याएवढे हिरवे धुमारे गोल करून उभे, अगदी ताटाभोवती पोरं बसावीत तसे. स्तोत्र १२८ आपल्याकडे लग्नात वाचतात, तुझी मुलं मेजाभोवती जैतुनाच्या रोपांसारखी होतील, तर ती रोपं म्हणजे ही. गाइड म्हणाली की खोड म्हातारं झालं, तोडलं, तरी यातलाच एखादा धुमारा पुढे झाड होतो. मला लगेच यशया ११ आठवलं, इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल. इशाय म्हणजे दावीद राजाचे वडील, त्यांच्याच वंशात ख्रिस्त जन्मला. नाताळात हे वचन आम्ही दरवर्षी वाचतो आणि मी दरवर्षी नुसतं वाचून पुढे गेले होते.

मग उंबर. आईने लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "अगं हे तर आपलंच उंबर, बघ ना खोडालाच फळं लागलीत." बुंध्यापासूनच जाड फांद्या आडव्या पसरलेल्या, खरखरीत पानं, आणि फळांचे घोस थेट खोडावर. आपल्या उंबराचाच भाऊबंद आहे, जात वेगळी. आपल्या मराठी शास्त्रात येशूला बघायला बुटका जक्कय उंबराच्या झाडावर चढला असं आहे, ज्याने कुणी हा शब्द निवडला त्याला खरंच मनापासून सलाम, कारण गावाकडच्या माणसाला झाड लगेच डोळ्यासमोर येतं. फांद्या इतक्या खाली की बुटका माणूससुद्धा सहज वर जाईल. आणि आमोस संदेष्टा स्वतःबद्दल सांगतो की मी गुराखी आणि उंबराची मशागत करणारा, ती मशागत म्हणजे काय तर झाडावर चढून एकेका कच्च्या फळाला चाकूने चीर द्यायची, मग तीनचार दिवसात फळ फुगून खाण्याजोगं होतं. हजारो फळं, एकेक करून. हे गरिबाचं काम होतं आणि त्याच माणसाला देवाने राजाच्या मंदिरात बोलायला पाठवलं. शलमोन राजाने गंधसरू इतके आणले की शफेलातल्या (डोंगरापायथ्याच्या सखल टेकड्यांच्या भागातल्या) उंबरांसारखे झाले असं १ राजे १० मधे आहे, आणि हे उद्यान त्याच शफेलाच्या कडेला आहे, म्हणजे ती उपमा जिथली तिथेच उभं राहून वाचता येते.

गंधसरूही आहेत, सरळसोट. आणि एजोब. मला वाटायचं एजोब म्हणजे काहीतरी मोठं झाड असेल, तर हे वीतभर उंचीचं, केसाळ पानांचं, दगडाच्या फटीत उगवलेलं झुडूप. पान चुरगळून वास घेतला तर थेट ओवा! लेवीय १४ मधे कुष्ठरोगी शुद्ध करायला गंधसरू आणि एजोब दोन्ही एकत्र घ्यायला सांगितलंय, सगळ्यात उंच आणि सगळ्यात क्षुल्लक, म्हणजे माणसाने ताठा सोडून या झुडपाएवढं व्हावं असा अर्थ ज्यू परंपरेत लावतात. मिसर सोडायच्या रात्री वल्हांडणाच्या कोकराचं रक्त दाराला लावलं ते एजोबाने, दाविदाने पाप धू म्हणून मागितला तो एजोब, आणि वधस्तंभावर आंबेने (आंबट द्राक्षारसाने) भरलेला स्पंज प्रभूच्या तोंडाला लावला तोही एजोबावर. बोटांना तो वास बराच वेळ होता, आणि योहान १९ आठवून माझ्याने काही बोलवेना.

मोरिया नावाची सेज जातीची (तुळशीच्या कुळातली) एक वनस्पती पण बघा, तिच्या फांद्या मधल्या दांड्याला जोडीजोडीने फुटतात आणि ज्यू मंदिरातल्या सातफाटी दीपवृक्षासारख्या दिसतात.

आता गवत, ज्यासाठी मी हे मुख्यतः लिहायला बसले. एकाच टेकडीची उत्तर बाजू हिरवी होती आणि दक्षिण बाजू पूर्ण पिवळी, हातात घेतलं की चुरा. गाइड म्हणाली दोन आठवड्यांपूर्वी इथे लाल फुलं होती, मग वाळवंटाकडचा गरम वारा सुटला, खमसीन म्हणतात त्याला, आणि दोनचार दिवसात सगळं गेलं. यशया ४० मधे गवत सुकतं, फूल कोमेजतं कारण परमेश्वराचा श्वास त्यावर पडतो असं आहे, आणि हिब्रूत वारा आणि श्वास दोन्हीला शब्द एकच, रूआख. आपल्याकडे गवत हळूहळू वाळतं, दिवाळीनंतर पिवळं पडत पडत मार्च येतो, म्हणून मला ते वचन नेहमी संथ वाटायचं. तिथे ते झटक्यात होतं. माझ्या वडिलांच्या दफनविधीला स्तोत्र १०३ वाचलं होतं, मनुष्याचे दिवस गवताप्रमाणे, आणि ते गेले तेही असेच, सकाळी चहा घेतला आणि दुपारी नव्हते. आई त्या पिवळ्या उतारावर बराच वेळ उभी राहिली, मीही तिला हाक मारली नाही.

नंतर तिनेच सांगितलं की तिच्या माहेरी, नगर जिल्ह्यात, धाब्याचं घर होतं, पावसाळ्यात धाब्यावर गवत उगवायचं आणि ऊन पडलं की वाढायच्या आधीच करपायचं, खाली माती चार बोटं. स्तोत्र १२९ मधलं छपरावरचं गवत हेच. कापणाऱ्याची मूठसुद्धा भरत नाही असं तिथे लिहिलंय, आणि आई म्हणाली, "खरंच नाही भरायची."

तक्रार आहे ती आमच्या टूरवाल्यांबद्दल. कार्यक्रमात अर्धा दिवस लिहिला होता, प्रत्यक्षात दीड तास मिळाला, कारण सकाळी जैतुनाच्या लाकडाच्या वस्तूंच्या दोन दुकानांत तीन तास घालवले. लाकडी उंट घ्यायला वेळ आणि जिवंत झाडाला वेळ नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. द्राक्षमळा आणि खळं लांबूनच बघितलं, गहू आणि निदण शेजारी शेजारी बघायचं राहूनच गेलं. बुकिंग करतानाच वेळ लेखी मागून घ्या.

बाकी: रस्ते चढउताराचे आहेत, वयस्कर माणसं असतील तर बॅटरीवरच्या गाड्यांची आधी चौकशी करा. गाइड आधी सांगून ठरवावा लागतो, आणि गाइड घ्याच, नुसत्या पाट्या वाचून निम्मंच कळतं. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यू लोकांचा विश्रांतीचा दिवस, असतो, वार बघून ठरवा. टोपी, पाणी, चांगले बूट. हिरवं आणि फुलं बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्च, पण सुकलेलं गवत बघायचं असेल तर आम्ही गेलो तसं एप्रिल अखेर. मोबाइलवर नको, छापील मराठी शास्त्र बरोबर ठेवा आणि उंबराखाली बसून लूक १९ मधली जक्कयाची गोष्ट मोठ्याने वाचा, आम्ही वाचलं, आईने वाचलं.